गुंड कुठे परवाना काढतात?

(पत्र बरंच मोठं होतं. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते आहे.)

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंचं वय पंचेचाळिशीच्या पुढे. गावाजवळून मोठा रस्ता जाणार म्हटल्यावर जमिनींचे भाव चढले आणि त्यांचे मिस्टर शेती सांभाळून प्लॉटिंगच्या धंद्यात उतरले. एका सामाईक जमिनीच्या व्यवहारात समोरच्या पार्टीशी फाटलं. फोनवरून 'बघून घेतो' झालं, एकदा रस्त्यात गाडीही आडवी घातली. तेव्हापासून मिस्टरांनी पिस्तुलाच्या परवान्याचा ध्यास घेतला आहे. धाकटे दीर म्हणतात, 'अर्जबिर्ज कशाला, वर्ष जाईल. वरून माल मागवू, काही हजारांत काम होतं.' ताईंचे भाऊ हायस्कूलला शिक्षक आहेत. भाऊबीजेला त्यांच्यात आणि मिस्टरांत जुंपली. भावाचं मत असं की सरकारने सरसकट परवाने बंद करावेत, कायदा कडक करावा, म्हणजे खूनखराबा थांबेल. मिस्टरांचं उत्तर: 'गुंड कुठे परवाना काढतात? कायदा कडक केला की सरळ माणसाचेच हात बांधले जातात.' ताईंना दोघांचंही पटतं. एकोणीस वर्षांचा मुलगा मात्र 'पप्पांना पिस्तूल मिळणार' म्हणून कॉलेजात सांगत सुटला आहे. पत्राच्या शेवटाकडे त्या लिहितात, 'माणूस वाईट नाही, फक्त राग आला की समोरचं ताट भिरकावतात.' आणि विचारतात: कायदा कडक केल्याने गुन्हे खरंच कमी होतात का? अर्जाच्या वेळी पोलीस घरी आले, तर मी काय सांगू?

ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कायदा कडक केला तर राज्यातले खून, हाणामाऱ्या कमी होतील का, हा एक. तुमच्या कपाटात पिस्तूल यावं का, हा दुसरा. भाऊबीजेला दोघं पहिल्यावर भांडले आणि त्यातून दुसऱ्याचं उत्तर निघेल असं तुम्हाला वाटलं. तसं ते निघत नाही. तुमच्या भावाचं म्हणणं साफ चुकीचं ठरलं, तरी तुमच्या घरात पिस्तूल आणणं शहाणपणाचं ठरत नाही.

आधी मिस्टरांचं म्हणणं घेऊ. ते झटकून टाकण्यासारखं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने बंदुकीने झालेल्या खुनांची 'परवान्याचं शस्त्र' आणि 'विनापरवाना शस्त्र' अशी फोड ज्या वर्षांसाठी दिली, त्यांत विनापरवाना शस्त्रांचा वाटा फारच मोठा निघाला. 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसांसह एकास अटक' ही बातमी आपण जिल्ह्याच्या पानावर इतक्यांदा वाचलेली असते की नजर तिथे थांबतसुद्धा नाही. यातले बरेच कट्टे कुठून येतात हे पोलिसांना ठाऊक असतं आणि घेणाऱ्यांनाही. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्याच्या कुशीत, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी म्हणून गाव आहे. तिथल्या काही घरांत लोखंडकाम करणारे हात पिस्तुलं घडवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस थेट तिथे जाऊन थडकले, माणसं ताब्यात घेतली, भट्ट्या मोडून टाकल्या. पुण्याच्या पेठेत सुटलेल्या गोळीचा माग काढत सातपुड्यापर्यंत जावं लागतं, एवढी ती साखळी लांब आहे. तुमचे दीर ज्याला 'वरचा माल' म्हणतात तो बहुधा हाच.

म्हणून तुमच्या भावाची मागणी आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली होते. केंद्रीय गृहखात्याच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. कायदाही सैल नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. बेकायदा शस्त्र बनवणं-विकणं याला किमान सात वर्षं ते जन्मठेप, आणि विनापरवाना पिस्तूल नुसतं जवळ सापडलं तरी दोन ते पाच वर्षं. लग्नात-वरातीत हवेत बार काढला आणि त्यामुळे कुणाच्या जिवाला धोका झाला, तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाबद्दल चिंता व्यक्त करताना हेही नोंदवलं की अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे तसा हक्क कुणालाच नाही. कागदावर आणखी कडक करायला फारशी जागाच उरलेली नाही. पंच फितूर होतात, खटले रखडतात, जामिनावर सुटलेला पुन्हा कट्ट्यासकट सापडतो. घोडं पेंड खातं ते तिथे.

इथपर्यंत मिस्टर जिंकले असं वाटेल. पण त्यांच्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती जरा तपासू. माणसांत दोन जाती असतात, गुंड आणि सरळ; आणि परवान्याचं पिस्तूल कायम सरळ माणसाच्याच हातात राहतं, सरळ कामालाच येतं, असं त्यांनी धरलं आहे.

२२ एप्रिल २००६ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. वरळीच्या घरी प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचं होतं. ३ मे रोजी महाजन गेले. फेब्रुवारी २०२४च्या दुसऱ्या तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे स्थानिक नेते महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण वाद कशाचा होता ते लक्षात घ्या: जमिनीचा. आणि जागा कुठली? पोलीस ठाणं. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच दहिसर-बोरिवलीच्या बाजूला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्ह चालू असतानाच खून झाला. मारणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं. त्याने त्याच पिस्तुलाने नंतर स्वतःलाही संपवलं.

या तिन्हींत बाहेरून आलेला अनोळखी गुंड कुठेच नाही. भाऊ, राजकीय प्रतिस्पर्धी, जुने ओळखीचे. शस्त्र रीतसर होतं, माणसंही एरवी समाजात ऊठबस असलेली होती.

हे अपवाद आहेत असं मिस्टर म्हणतील. मग देशाचा हिशोब बघू. २०२२ मध्ये भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांमागचं कारण 'वाद' असं नोंदलेलं आहे, ३,७६१ मागे वैयक्तिक वैर, आणि लाभासाठी, म्हणजे लूटमार वगैरे कारणाने, १,८८४. आपण पिस्तूल मागतो ते या शेवटच्या रकान्यातल्या माणसाला घाबरून. प्रत्यक्षात माणसं मरतात ती मुख्यतः पहिल्या रकान्यात. बांध, वाटणी, उसने पैसे, पाणी, गाडीला लागलेला धक्का, दारूच्या बैठकीत निघालेला शब्द. अशा भांडणात कोण 'गुंड' आणि कोण 'सरळ' हे आधी ठरलेलं नसतं. भांडण संपल्यावर ठरतं.

इथे तुमच्या भावाला एक दुरुस्ती सुचवते. 'गुन्हे कमी होतील का' असं विचारून फार हाती लागत नाही. 'मेलेल्यांची संख्या कमी होईल का' असं विचारा. कारण शस्त्रकायद्याने माणसाचा राग जात नाही, भांडणंही फारशी घटत नाहीत. पुण्यातल्या 'कोयता गँग'ने ते दाखवून दिलंच आहे. ऊसतोडीचा कोयता हाती घेऊन पोरं गल्लीत दहशत माजवायला लागली, तेव्हा २०२३च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना कोयता विकताना आधार कार्ड बघून नोंद ठेवायला सांगितलं. लोक हसले. कोयत्याला कसला परवाना? पिस्तूल मिळालं नाही तर माणूस कोयता उचलतो, हे खरंच आहे. पण कोयत्याला जवळ जावं लागतं, समोरच्याला पळता येतं, मध्ये पडणाऱ्याला हात धरता येतो. फ्रँकलिन झिमरिंग या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली शिकागो पोलिसांच्या नोंदी तपासल्या होत्या. चाकूहल्ल्यापेक्षा बंदुकीचा हल्ला सुमारे पाचपट जीवघेणा ठरतो, असं त्याला आढळलं. हल्लेखोर पुष्कळदा सारख्याच प्रकारचे, सारख्याच क्षणिक संतापातले. फरक पडला तो हाती काय होतं त्याने.

परदेशात कायदे बदलून काय झालं, हेही भाऊ उगाळतच असतील, तर थोडक्यात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १९९५ मध्ये पिस्तूल खरेदीला परवाना सक्तीचा केला, मिझुरीने होती ती सक्ती २००७ मध्ये उठवली. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीने होणारे खून घटल्याचं आणि दुसऱ्यात वाढल्याचं दिसलं. नेमके किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण दिशा बरीचशी सुसंगत आहे. उलट बाजूचं उदाहरण ब्रिटनचं. डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. त्यानंतर तिथे लोकांकडची पिस्तुलं जवळपास पूर्ण बंद झाली, तरी पुढची काही वर्षं बंदुकीच्या गुन्ह्यांची नोंद चढतच राहिली. उतरली ती नंतर. आधीच कडक असलेल्या देशात बंदीवर आणखी बंदी चढवली की लगेच फरक दिसेलच, असं नाही. आपण या बाबतीत मिझुरीपेक्षा ब्रिटनच्या जवळ आहोत. म्हणजे आपल्याकडे फायदा व्हायचा असेल तर तो दोनच ठिकाणी होईल: उमर्टीसारख्या भट्ट्या आणि तिथून शहरात येणारी साखळी तोडण्यात, आणि दिलेल्या परवान्यांची नियमित झाडाझडती घेण्यात.

हे दुसरं काम किती राहून गेलं होतं ते बीडने दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. तो मारहाण करून, हालहाल करून झाला, बंदुकीने नव्हे. पण त्यानंतर लोकांनी विचारायला सुरुवात केली की या एका जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने आहेत ते कुणाकुणाकडे आणि कशासाठी? प्रशासनाने फाइली काढल्या आणि शंभरावर परवाने रद्द केले. ज्या फाइली एका खुनानंतर काही आठवड्यांत तपासता येतात, त्या आधीही तपासता आल्याच असत्या. कमरेला पिस्तूल लावून ढाब्यावर बसणारा माणूस कुणावरही गोळी झाडत नाही, तरी समोरच्या टेबलावरचा वाद मिटतो. कसा मिटतो, ते तुम्हा-आम्हाला कळतं. अशा परवान्याने गुन्ह्याच्या आकडेवारीत काहीच दिसत नाही, पण गावाचा श्वास कोंडतो.

आता तुमचं घर.

तुम्ही पत्रात कायद्याबद्दल दोन पानं लिहिली आहेत आणि ताटाबद्दल एक ओळ. माझं लक्ष त्या ओळीवर अडकलं. 'माणूस वाईट नाही' हे मला मान्य आहे. वाईट नसलेली पुष्कळ माणसं ताट भिरकावतात. पण हाताशी असेल ते फेकायची, उचलायची सवय ज्या हाताला आहे, त्या हाताच्या टप्प्यात पिस्तूल असावं का, हा विचार तुमच्याही मनात आला असणार. नाहीतर ती ओळ तुम्ही लिहिलीच नसती.

कॅलिफोर्नियात १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवर बारा वर्षांचा एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात स्वतःकडे पिस्तूल नाही पण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे आहे, अशा माणसांकडे बघितलं होतं. म्हणजे नेमकी तुमची जागा. पिस्तूल नसलेल्या घरातल्या लोकांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट. आणि मेलेल्यांत बहुतेक बायका. तिथली परिस्थिती वेगळी आहे, तिथे बंदूक वाण्याकडून आणल्यासारखी मिळते, हे सगळं मान्य. तरी घरातलं पिस्तूल घरातल्यांना राखतं, हा समज त्या आकड्यांत कुठेही टिकत नाही.

'ठरवलंच असेल तर माणूस काहीही करून करतो' असंही म्हणतात, विशेषतः जीव देण्याबद्दल. तेही पूर्ण खरं नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं. माणसांची दुःखं संपली नव्हती. हाताशी असलेलं विष संपलं होतं. धंद्यात पैसा अडकला, कोर्टकचेरी लांबली, झोप उडाली, अशी एखादी रात्र मिस्टरांच्याही वाट्याला येऊ शकते. त्या रात्री कपाटात काय असावं हे आज ठरवायचं आहे.

आणि नुसता अपघात? १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना त्यांच्या स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं होतं. जीव वाचला, ठीक. पण शूटिंगमध्ये खोट्या बंदुका हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही गत.

शिवाय ज्या प्रसंगासाठी हवंय, त्या प्रसंगी ते कामाला येईल का? गाडी आडवी घातली, चौघं उतरले. मिस्टर सीटबेल्टमध्ये, पिस्तूल पँटच्या मागे किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात. ते बाहेर काढलं की समोरच्यांना दोनच वाटा उरतात, पळणं किंवा आधी मारणं. आणि गोळी चाललीच, तर पुढची दहा वर्षं स्वसंरक्षण होतं की खुनाचा प्रयत्न हे सिद्ध करण्यात जातील. पोलीसही कधीकधी या कल्पनेला खतपाणी घालतात, 'साहेब, तुम्ही परवानाच काढा ना' म्हणतात. म्हणायला काय जातं.

तेव्हा विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: तुमच्या जागी मी असते तर संमती दिली नसती.

पण धमकी खरी आहे, ती वाऱ्यावर सोडून चालणार नाही. फोनवरच्या धमक्यांचं रेकॉर्डिंग, तारीख, वेळ, गाडी अडवली तेव्हाची जागा, गाडीचा नंबर, कोण कोण होतं, हे सगळं आधी एका वहीत उतरवा. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 'एनसी घेतो', म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद करतो, असं उत्तर मिळेल, तेवढ्यावर परत येऊ नका. गाडी अडवणं आणि धमकी मिळून दखलपात्र गुन्हा होतो का हे वकिलाला विचारून तोच मुद्दा लेखी मांडा. ठाण्यात दाद लागली नाही, तर अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा. समोरच्या पार्टीवर चॅप्टर केस करा अशी मागणी करता येते. त्यात शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं. पूर्वी कलम १०७ म्हणायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२६ झालं आहे. बंधपत्र दिलेला माणूस दुसऱ्यांदा गाडी आडवी घालताना विचार करतो. तातडीच्या वेळी ११२.

आणि मूळ दुखणं जमिनीचं आहे. सरकारी मोजणी झाली आहे का? सामाईक क्षेत्राची वाटणी कागदावर आहे की फक्त तोंडी? विसार रोखीने दिला-घेतलाय का? मोजणीचा अर्ज, दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम, किंवा तालुका विधी सेवा समितीमार्फत तडजोड, यांतलं काही केलं आहे का, याचा पत्रात उल्लेख नाही. मला वाटतं, पिस्तुलाच्या अर्जाला जेवढा वेळ आणि चपला झिजतील, तेवढ्यात हे मार्गी लागू शकेल. मध्यस्थीला दोन्हीकडचं मानलं जाणारं वडीलधारं माणूस बघा. तोवर रोख रक्कम घरात कमी ठेवणं, एकट्याने रात्रीच्या साइट व्हिजिटा टाळणं, फाटकावर दिवा आणि कॅमेरा, एवढं लगेच करता येईल.

दिरांच्या 'माला'ला मात्र आजच, सगळ्यांसमोर, नाही म्हणा. ही मतभेदाची गोष्ट नाही. असं शस्त्र घरात सापडलं, तर कुणी आणलं हे ठरेपर्यंत घरातले सगळेच चौकशीच्या फेऱ्यात येतात. त्या पिस्तुलातून आधी कुठे गोळी सुटली आहे हे तुम्हाला माहीत नसतं. आणि ज्याने ते आणून दिलं, त्याच्या हातात तुमच्या कुटुंबाची दोरी कायमची जाते. उद्या तोच पैसे मागायला आला तर तक्रार कुठे करणार?

पोलीस चौकशीला आले तर काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं आहे. परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर पोलीस आयुक्त. त्याआधी पोलीस अहवाल मागवला जातो. घरातलं माणूस म्हणून तुम्हाला विचारलं तर खरं सांगणं हा चहाडीचा प्रकार नाही. पण तिथे त्यांना पहिल्यांदा कळू देऊ नका. आधी घरात, राग शांत असताना, भाऊ नसताना बोला. 'तुम्ही चुकताय' असं न म्हणता 'मला भीती वाटते' म्हणा आणि कशाची ते नेमकं सांगा. त्यावर ताट उडालं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालंच. मग लेखी हरकत द्यायला कचरू नका. हात उगारला जात असेल, पत्रात लिहिलं नसलं तरी, तर महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे.

समजा एवढं होऊनही परवाना आलाच. हे इतर वाचकांसाठीही लिहिते, कारण अशी बरीच पत्रं येतात. घरात भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी हवी, पिस्तूल रिकामं करून एकीकडे, काडतुसं दुसऱ्या कुलपात. बंदुकांवरच्या अमेरिकी संशोधनाचा मोठा आढावा रँड या संस्थेने घेतला आहे. मुलांच्या हाती शस्त्र पडू नये म्हणून ते कुलपात ठेवायला लावणाऱ्या कायद्यांचा उपयोग होतो, हे त्यातल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. आपल्याकडेही अर्ज करताना सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. ती कागदापुरती ठेवू नका. प्यायल्यावर शस्त्राला हात नाही. लग्न, जत्रा, मिरवणुकीला ते घरीच. घरात कुणाची मनःस्थिती बिघडली, वाद विकोपाला गेला, किंवा काही महिने बाहेरगावी राहायचं असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. निवडणुकीत करतातच की. त्यात कमीपणा नाही.

राहिला मुलगा. २१ वर्षांखालच्याला परवाना मिळत नाही, आणि वडिलांच्या पिस्तुलासोबत एक फोटो जरी स्टेटसला लागला तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. रीलवर शस्त्र मिरवणाऱ्या पोरांना उचलून आणल्याच्या बातम्या तोही बघत असेलच. पण कलमं सांगून तो ऐकेल असं मला वाटत नाही. त्याला घेऊन वकिलाकडे जा, त्या वहीतल्या नोंदी त्याच्याच हस्ताक्षरात करून घ्या, मोजणीच्या दिवशी त्याला शेतावर उभा करा. बाप कशातून जातोय हे त्याला जवळून दिसू दे. सध्या त्याला फक्त पिस्तूल दिसतंय.

आणि रागाचं. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मिस्टर लगेच फोन घेतील अशी माझी अपेक्षा नाही. आधी तुम्ही एकटीने केला तरी चालेल.